जिद्दी, हट्टी, ठाम: निर्धाराच्या इंग्रजी शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशी शिकायला निघालेल्या मुलांचे अर्ज आणि नोकरीची पत्रं तपासून देणं हे माझं काम. ‘मी किती जिद्दीची आहे’ हे सांगणारं एक तरी वाक्य जवळपास प्रत्येक कागदात असतं, आणि बहुतेक वेळा घोटाळा तिथेच होतो. तेच तेच प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी भाजी घेताना रस्त्यातही विचारले जातात. म्हणून एकदाच उत्तरं लिहून ठेवते आहे.

शब्दकोशात ‘जिद्दी’समोर ‘स्टबर्न’ दिलंय. मग अर्जात तेच लिहिलं तर काय बिघडलं?

सिन्नरकडच्या एका मुलाने अगदी हेच केलं होतं. कांद्याची प्रतवारी करणारं छोटं यंत्र त्याने घरच्या पडवीत तयार केलं. दोनदा फसलं, तिसऱ्यांदा चाललं. त्याबद्दल लिहिताना पहिलंच वाक्य: ‘आय ॲम अ व्हेरी स्टबर्न पर्सन.’ त्याला म्हणायचं होतं की मी हार मानत नाही. पलीकडच्या प्राध्यापकाला मात्र वाटणार की हा पोरगा कुणाचं ऐकत नाही, प्रयोगशाळेत उद्या चौघांशी भांडेल.

दोष पोराचा नाही. ‘जिद्द’ हा शब्द मुळात अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ ‘विरुद्ध’ असा. हिंदीत तो आजही त्याच अंगाने जातो: ‘बच्चा ज़िद कर रहा है’ म्हणजे पोर हट्टाला पेटलंय. मराठीत आल्यावर मात्र या शब्दाचं नशीब पालटलं. ‘तिने जिद्दीने शिक्षण पूर्ण केलं’ हे आपल्याकडे निखळ कौतुक आहे. शब्दकोशातला ‘स्टबर्न’ हिंदीतल्या ज़िदीला चपखल बसतो, मराठीतल्या जिद्दीला नाही.

या सगळ्या शब्दकुळाची किल्ली तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ साली बीबीसी रेडिओवर गंमतीत सांगितली होती. त्यांनी क्रियापद चालवावं तसं एक विशेषण चालवून दाखवलं: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकराच्या डोक्याचा मूर्ख आहे. इंग्रजीत अनुक्रमे ‘फर्म’, ‘ऑब्स्टिनट’ आणि ‘पिग-हेडेड’. तिघंही जागचे हलत नाहीत आणि तिघांचा जोरही सारखाच. बदलतं ते एवढंच, की बोलणारा कुणाच्या बाजूने उभा आहे. म्हणून यातला कुठलाही शब्द उचलण्याआधी ‘हा किती जोरदार आहे’ हे विचारू नका. ‘हे कोण कुणाबद्दल बोलतंय’ हे विचारा. स्वतःबद्दल लिहिताना ‘स्टबर्न’ वापरणं म्हणजे आपल्या विरोधकाचं मत आपणच लिहून देणं.

बरं, मग मराठी जिद्दीला नेमका शब्द कोणता?

रोजच्या वापरात ‘डिटरमिनेशन’. त्याने काम भागतं. पण जिद्दीत थोडी खुमखुमीही असते, ‘बघतेच आता कसं होत नाही ते’ हा सूर असतो, आणि तो ‘डिटरमिनेशन’मध्ये येत नाही. त्याच्या जवळ जाणारा शब्द ‘ग्रिट’. मूळ अर्थ खडी, भरड वाळू, दाताखाली आलेला खडा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो माणसाच्या कणखरपणासाठी रुळला. आपण ‘धमक’ म्हणतो ते बरंचसं हेच. मात्र गेल्या दहाएक वर्षांत व्यवस्थापनाच्या भाषणांनी ‘ग्रिट’ इतका वापरलाय की त्यातली खडी झिजून गेली. मी तो अर्जातून हमखास काढायला लावते.

‘डिटरमिन्ड’ आणि ‘रिझॉल्व्ड’ यांत फरक आहे का? दोन्ही म्हणजे ‘निर्धार केलेला’च ना?

फरक आहे, आणि तो दाखवायला दोन कागद पुरेसे आहेत. त्यातला एक तुमच्या घरात असण्याची शक्यता खूप आहे.

पहिला कागद संयुक्त राष्ट्रांची सनद, सॅन फ्रान्सिस्कोत २६ जून १९४५ रोजी सह्या झालेली. सुरुवातीलाच ‘आम्ही संयुक्त राष्ट्रांचे लोक’ पुढच्या पिढ्यांना युद्धाच्या संकटातून वाचवायला ‘डिटरमिन्ड’ आहोत, असं म्हटलंय. मग मानवी हक्क, न्याय, प्रगती अशी उद्दिष्टं येतात. ती सांगून झाल्यावर शेवटी वाक्य येतं की ही उद्दिष्टं गाठण्यासाठी आम्ही आमचे प्रयत्न एकत्र आणण्याचं ‘हॅव रिझॉल्व्ड’. एकाच दमात दोन्ही शब्द, आणि दोघांची कामं वेगळी. ‘डिटरमिन्ड’ ही मनाची अवस्था. ‘रिझॉल्व्ड’ म्हणजे विचार होऊन झालेला, नोंदवता येईल असा निर्णय.

दुसरा कागद शाळेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात सुरुवातीला छापलेला असतो: संविधानाची उद्देशिका. इंग्रजीत ‘वी, द पीपल ऑफ इंडिया, हॅविंग सॉलम्ली रिझॉल्व्ड...’ आणि मराठीत ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’. इथे ‘डिटरमिन्ड’ घातलं असतं तर वाक्य पडलं नसतं, पण हलकं झालं असतं. ‘डिटरमिन्ड’ माणूस एकटा असू शकतो, आतल्या आत असू शकतो, उद्या ढिला पडू शकतो. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधानसभेने जे केलं ते मनातलं नव्हतं. ते चर्चा होऊन, मतं पडून, कागदावर आलेलं होतं. मराठी अनुवाद करणाऱ्यांनी ‘सॉलम्ली’साठी ‘गंभीरपणे’ असा शब्दाला शब्द न ठेवता ‘संकल्पपूर्वक’ लिहिलं, याची मला दर वेळी दाद द्यावीशी वाटते. संकल्प म्हटला की हातात पाणी आलंच, साक्षीला देव आले, तिथी-वार आले. इंग्रजी शब्दातली विधीची छटा मराठीत एका शब्दात उतरली.

दोन्ही शब्दांचं मूळही बघण्यासारखं आहे. ‘डिटरमिन’मध्ये लॅटिन ‘टर्मिनस’ आहे, म्हणजे शीव, हद्द. शेताच्या हद्दीच्या दगडांचा रोमन लोकांचा एक देवही याच नावाचा होता. म्हणजे डिटरमिन करणं हे मुळात बांध घालणं: इथवर, याच्या पुढे नाही. ‘रिझॉल्व्ह’चं मूळ मात्र उलटं. लॅटिन ‘सॉल्व्हेरे’ म्हणजे सोडवणं, सैल करणं. गुंता सोडवायचा, प्रश्नाचे तुकडे करायचे, आणि सगळं सुटं झालं की निर्णय लागतो. म्हणून तंटा मिटवण्यालाही ‘रिझॉल्व्ह’ म्हणतात. गाठ सोडणारा शब्द गाठ बांधणारा कसा झाला, त्याचं हे उत्तर.

म्हणजे ‘संकल्प सोडणे’सारखंच की!

अगदी. ज्यांना मराठी येत नाही त्यांना वाटेल संकल्प सोडला म्हणजे नाद सोडला. आपल्याकडे पळीभर पाणी ताम्हनात सोडलं की संकल्प ‘सोडला’, म्हणजे केला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता निर्धारासाठी ‘सोडणं’ निवडलं. योगायोगच, पण मला आवडतो.

‘रेझोल्यूशन’चे मग इतके अर्थ का? ठरावही तोच, संकल्पही तोच, मोबाइलच्या पडद्याचाही तोच?

तुकडे करणं हे मूळ लक्षात ठेवलं की सगळे अर्थ रांगेत उभे राहतात. पडद्यावरचं चित्र किती बारीक ठिपक्यांत सुटं होतं, ते पडद्याचं रेझोल्यूशन. सभेने विषय सोडवून जो निर्णय लिहिला तो ठराव. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँक मैदानावर काँग्रेसने मंजूर केला तो ‘क्विट इंडिया रेझोल्यूशन’, म्हणजे छोडो भारतचा ठराव. एक जानेवारीला जिमचे पैसे भरताना करतो तो संकल्प. आपण त्यावर कडी केली आहे: सरकारच्या वार्षिक जमाखर्चाला आपण ‘अर्थसंकल्प’ म्हणतो. इंग्रजी ‘बजेट’ हा बिचारा चामड्याच्या पिशवीवरून आलेला शब्द, त्यात निर्धाराचा लवलेशही नाही.

एक बारीक सूचना. ठरावाला ‘रेझोल्यूशन’ म्हणा, पण मनातल्या ठामपणाला नुसतं ‘रिझॉल्व्ह’ हे नाम जास्त शोभतं. ‘हर रिझॉल्व्ह डिड नॉट वीकन’ म्हणजे तिचा निर्धार डळमळला नाही.

‘रेझलूट’ हे विशेषण कोण वापरतं? बोलताना कधी ऐकलं नाही.

बोलताना कमीच. भाषणात, अग्रलेखात, जहाजांच्या नावात ते सापडतं. ब्रिटिश आरमाराचं ‘रेझलूट’ नावाचं एक जहाज उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकलं आणि १८५४ साली खलाशांनी ते सोडून दिलं. नाव ‘निर्धारी’, आणि माणसं उतरून चालती झाली. जहाज मात्र नावाला जागलं. बर्फाबरोबर वाहत वाहत शेकडो मैल गेलं आणि १८५५ साली अमेरिकन देवमाशांच्या शिकाऱ्यांना सापडलं. अमेरिकेने ते दुरुस्त करून परत दिलं. पुढे ते मोडीत काढलं तेव्हा त्याच्या लाकडाचं एक मेज करून राणी व्हिक्टोरियाने १८८० साली अमेरिकेच्या अध्यक्षांना भेट दिलं. अमेरिकी अध्यक्ष सही करताना दिसतात ते बहुतेकदा याच मेजावर, आणि त्याला म्हणतातही ‘रेझलूट डेस्क’.

उच्चार ‘डिटरमाइन्ड’ की ‘डिटरमिन्ड’?

‘डिटरमिन्ड’. ‘माइन’ इथे नाही, खाणीशी काही देणंघेणं नाही. आपल्याकडे शिक्षकांपासून वृत्तनिवेदकांपर्यंत अनेक जण ‘माइन’ म्हणतात, त्यामुळे लाजायचं कारण नाही, पण सुधारा.

याच पंगतीतले आणखी तीन. ‘रेझलूट’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘रे’वर. ‘पर्सिव्हिअरन्स’मध्ये जोर ‘व्हिअ’वर, ‘परसेव्हरन्स’ नाही. आणि ‘डॉगेड’: विशेषण असेल तर ‘डॉग-इड’ अशी दोन अवयवांत फोड. ‘अडचणींनी त्याचा पिच्छा पुरवला’ अशा अर्थाचं क्रियापद असेल तर तेच स्पेलिंग ‘डॉग्ड’.

‘ॲडमन्ट’ ही शिवी आहे का? साहेबांबद्दल ईमेलमध्ये लिहिलं तर चालेल?

शिवी नाही, पण मेल पाठवण्याआधी एक पेला पाणी प्या.

‘ॲडमन्ट’चं कूळ फार मोठं. ग्रीकमध्ये ‘अदामास’ म्हणजे सर्वांत कठीण पदार्थ, ज्यावरून ‘डायमंड’ही आला. या शब्दाची नेहमी सांगितली जाणारी फोड अशी: ‘अ’ म्हणजे नाही, आणि पुढचा भाग ‘काबूत आणणं’ या अर्थाच्या ग्रीक धातूचा. तो धातू आणि आपला संस्कृत ‘दम्’ सख्खे चुलत भाऊ. इंग्रजी ‘टेम’ही त्याच घरचा. आता ‘अदम्य’ हा शब्द आठवा. अ अधिक दम्. ‘ॲडमन्ट’ आणि ‘अदम्य’ एकाच साच्यातून निघालेत, फक्त पुढे एकाच्या वाट्याला आरती आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला कपाळावरची आठी.

आजच्या इंग्रजीत ‘ॲडमन्ट’ म्हणजे ‘आपल्या म्हणण्यावरून तसूभरही न हलणारा’. कौतुक नाही, निंदाही नाही, पण समोरच्याला त्याचा त्रास होतोय एवढं त्यातून कळतं. ‘द मॅनेजर इज ॲडमन्ट’ एवढंच लिहिलंत तर तक्रार वाटते. ‘शी वॉज ॲडमन्ट दॅट द अकाउंट्स बी चेक्ड अगेन’ असं लिहिलंत तर तिने हिशेब पुन्हा तपासायला लावलेच, एवढी बातमी पोचते. व्याकरण इथे मदत करतं: ‘ॲडमन्ट’नंतर ‘दॅट’ किंवा ‘अबाउट’ घ्या. ‘ॲडमन्ट टू गो’ हे मी दर आठवड्याला खोडते. तिथे ‘डिटरमिन्ड टू गो’ हवं.

‘अडेलतट्टू’ला इंग्रजीत काय म्हणाल?

‘म्यूलिश’. अडेल म्हणजे अडून बसणारं, तट्टू म्हणजे छोटं घोडं. रस्त्यात पाय रोवून उभं राहिलं की चाबूक मारा नाहीतर गूळ दाखवा, हलत नाही. इंग्रजांनी तोच दोष खेचराला लावला.

या प्राण्यांच्या वाटणीत अन्याय भरपूर आहे. कुत्र्यावरून आलेला ‘डॉगेड’ म्हणजे नाकात भरलेला वास न सोडता मागावर राहणारा, चिवट, स्तुतीचा शब्द. बुलडॉगवरून तर इंग्रज स्वतःला ओवाळून घेतात. डुकरावरून आलेला ‘पिग-हेडेड’ मात्र सरळ अपमान. मराठीत कुत्र्याला ही बढती कधी मिळाली नाही. आपल्याकडे चिकटून राहण्याचा मान घोरपडीला. सिंहगडच्या लढाईच्या आख्यायिकेतली यशवंती घोरपड खरी की पोवाड्यातली, हा वाद इतिहासकारांचा. पण ‘घोरपडीसारखा चिकटून बसलाय’ म्हटलं की कुणालाही पकड दिसते. तीच पकड ‘टेनेशस’ या शब्दात आहे.

‘टेनेशस’, ‘पर्सिस्टन्ट’, ‘पर्सिव्हिअरिंग’: तिन्ही म्हणजे चिकाटीच ना?

हो, पण खोकलाही ‘पर्सिस्टन्ट’ असतो. न थांबणारा पाऊस, विम्याच्या हप्त्यासाठी रोज फोन करणारा माणूस, जुनी कंबरदुखी, सगळे ‘पर्सिस्टन्ट’. हा शब्द फक्त ‘थांबत नाही’ एवढंच सांगतो. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा.

‘टेनेशस’मध्ये लॅटिन ‘टेनेरे’ आहे, म्हणजे धरणं. जागा धरून बसलेला ‘टेनंट’ याच घरातला. मुंबईतल्या जुन्या पागडीच्या चाळीचे मालक म्हणतील, टेनंट आणि टेनेशस एका मुळाचे आहेत हे आम्हाला कुणी वेगळं सांगायला नको.

‘पर्सिव्हिअर’ला अडचण लागते. वाट सरळ असेल तर तुम्ही नुसते चालत राहता. काटे असूनही चालत राहिलात तर ‘पर्सिव्हिअर’ करता. नासाने मंगळावर पाठवलेल्या रोव्हरला हे नाव एका शाळकरी मुलाने सुचवलं. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी ते जेझेरो विवरात उतरलं. तिथे ‘पर्सिस्टन्स’ नाव शोभलं नसतं, खोकल्याची आठवण आली असती.

‘एन्ड्युरन्स’ हा आणखी वेगळा. त्यात पुढे जाणं नाही, सोसणं आहे. अर्नेस्ट शॅकलटन यांचं याच नावाचं जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात चिरडून १९१५ साली बुडालं. माणसं मात्र बर्फावर, होड्यांत, बेटावर महिनोन्महिने तग धरून राहिली. जहाजाचे अवशेष २०२२ मध्ये तीन हजार मीटर खोल पाण्यात सापडले.

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ हे ‘पर्सिव्हिअरन्स’च्या निबंधात घालू का?

घाला, पण पुढची ओळ कुणी विचारू नये अशी प्रार्थना करा.

हा वामन पंडितांनी भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचा केलेला मराठी अवतार. शाळेच्या भिंतीवर पहिलाच चरण रंगवलेला असतो, त्यामुळे तो प्रयत्नवादाचा मंत्र वाटतो. पूर्ण श्लोक वेगळंच सांगतो: वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचं शिंगसुद्धा कुठेतरी सापडेल, ‘परंतु मूर्खाचे हृदय धरवेना’. संस्कृतात त्या मूर्खाला ‘प्रतिनिविष्ट’ म्हटलंय, म्हणजे आपल्याच मताला घट्ट धरून बसलेला. चिकाटीचा झेंडा म्हणून आपण जी ओळ मिरवतो ती खरं तर हट्टी माणसाबद्दलची तक्रार आहे. ‘पर्सिव्हिअरन्स’ नाही, ‘ऑब्स्टिनसी’.

शाळेत शिकलो की ‘आय शॅल’ म्हणजे साधा भविष्यकाळ आणि ‘आय विल’ म्हणजे निर्धार. मग टिळकांचं ‘आय शॅल हॅव इट’ चुकलं का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आजोबांना मी मनोमन नमस्कार केला.

जुन्या व्याकरणाचा नियम खरोखर तसा होता: प्रथमपुरुषी ‘शॅल’ साधा आणि ‘विल’ निर्धाराचा, द्वितीय, तृतीय पुरुषी नेमकं उलट. त्या हिशेबाने होमरूलच्या काळात गाजलेल्या वाक्याचा अर्थ ‘स्वराज्य मला मिळेल’ असा मिळमिळीत व्हायला हवा. पण तो कुणालाही तसा ऐकू आला नाही. कारण नियम पुस्तकात होता, आणि ‘शॅल’ला बायबलपासून कायद्यापर्यंत एक जुना, गंभीर दरारा होता. चर्चिल यांनी ४ जून १९४० रोजी ‘वी शॅल नेव्हर सरेंडर’ म्हटलं, जनरल मॅकआर्थर यांनी १९४२ साली फिलिपिन्स सोडून आल्यावर ‘आय शॅल रिटर्न’ म्हटलं. दोघांनाही व्याकरणाच्या तासाला बसवता आलं नसतं.

मराठीत हे सगळं ओझं एक अक्षर वाहतं: ‘तो मी मिळवणारच.’ तो ‘च’ काढा, वाक्य रेल्वेच्या वेळापत्रकासारखं होतं. इंग्रजीत या ‘च’ला शब्द नाही, आवाजाचा जोर हाच त्यांचा ‘च’. बोलताना ‘आय विल गो’मधल्या ‘विल’वर दाब दिला की झालं ‘मी जाणारच’. आपण मात्र सवयीने शेवटी ‘ओन्ली’ चिकटवतो: ‘आय विल गो ओन्ली.’ आपल्याला तो ‘च’ ऐकू येतो, इंग्रजाला ऐकू येतं की हा फक्त जाणार, बाकी काही करणार नाही.

टिळकांचाच आणखी एक शब्द बघा. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीने दोषी ठरवल्यावर ते इंग्रजीत म्हणाले की हा निर्णय असूनही ‘आय मेन्टेन दॅट आय ॲम इनोसंट’. मुंबई उच्च न्यायालयात हे वाक्य कोरलेला फलक आजही आहे. ‘मेन्टेन’ म्हणजे आज आपल्याला सोसायटीचा मेन्टेनन्स आठवतो. मुळात तो ‘हातात धरून ठेवणं’. पुन्हा तोच ‘टेनेरे’. आरडाओरडा नाही, विशेषण नाही, ‘मी माझं म्हणणं सोडत नाही’ एवढंच. त्यानंतर सहा वर्षांची शिक्षा आणि मंडाले. निर्धाराचं इंग्रजी शिकायचं तर मी मुलांना हे एक क्रियापद आधी शिकवते.

‘त्यांनी मला जेवायचा आग्रह केला’ हे इंग्रजीत कसं म्हणायचं? ‘दे इन्सिस्टेड मी टू ईट’ चुकतं का?

चुकतं. ‘इन्सिस्ट’ला माणूस कर्म म्हणून चालत नाही. ‘दे इन्सिस्टेड दॅट आय ईट’ किंवा ‘दे इन्सिस्टेड ऑन माय ईटिंग’ म्हणा. खरं तर पानात चौथी पुरणपोळी पडत असेल तेव्हा कुठलंच इंग्रजी कामाला येत नाही.

‘आग्रह’ हा शब्द मात्र इंग्रजीला पुरून उरलाय. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्यासाठी ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हा शब्द पटेना. ‘सदाग्रह’ असा शब्द सुचवला गेला, त्यांनी तो ‘सत्याग्रह’ केला, आणि त्यातल्या आग्रहाला इंग्रजीत ‘फर्मनेस’ म्हटलं. रसेल यांच्या यादीतला पहिला, मानाचा शब्द. त्याच आग्रहाला ‘दुर्’ लागला की दुराग्रह, म्हणजे यादीतला दुसरा. १९२७ ला महाडला आणि १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे जे उभे होते ते स्वतःला सत्याग्रही म्हणत होते. दार बंद करणाऱ्यांना तोच दुराग्रह वाटत होता.

‘स्टेडफास्ट’मध्ये ‘फास्ट’ का? वेगाचा काय संबंध?

संबंध नाही. जुना ‘फास्ट’ म्हणजे घट्ट, पक्का. ‘फासन’ हे क्रियापद त्यातूनच, आणि कापडाचा ‘फास्ट कलर’ म्हणजे न जाणारा रंग. ‘स्टेड’ म्हणजे जागा. जागेवर पक्का, तो स्टेडफास्ट. आपल्या ‘ठाम’मध्येही ‘ठाव’, ‘ठाण’ यांच्यासारखा ‘स्था’ धातू आहे, आणि ‘स्टेड’ त्याच धातूचा लांबचा नातेवाईक. म्हणून निष्ठेबद्दल बोलताना ‘ठाम’ला ‘स्टेडफास्ट’ फार छान बसतो. ‘स्टॉन्च’ हा त्याचा राजकीय भाऊ: मुळात पाणी न झिरपणारा, आता ‘कट्टर समर्थक’.

‘डिग युअर हील्स इन’, ‘स्टिक टू युअर गन्स’, ‘पुट युअर फुट डाउन’ यांत काय फरक?

पहिला: टाचा रोवून नकार. हेका धरणं. दुसरा: टीका झाली तरी तोफ न सोडणं, म्हणजे मत न बदलणं, सूर कौतुकाचा. तिसरा: अधिकाराने ‘बस्स, आता नाही’ म्हणणं. तिसरा आई वापरते, पहिला पोर.

‘व्हाऊ’, ‘प्लेज’, ‘ओथ’?

भीष्माची ती ‘व्हाऊ’. शाळेत हात पुढे करून म्हणतो ती ‘प्लेज’. मंत्री घेतात ती ‘ओथ’. ‘पैजेचा विडा’ मात्र इंग्रजीत नेता येत नाही. तळहातावर पान ठेवून सगळ्या दरबारासमोर ‘मी करतो’ म्हणणं त्यांच्याकडे नव्हतं. ‘टेक अप द गॉन्टलेट’ जवळ जातो, पण तिथे शत्रूने फेकलेला हातमोजा उचलायचा असतो. इथे विडा आपल्याच धन्याने ठेवलेला असतो.

मुलाखतीत ‘आय ॲम अ व्हेरी डिटरमिन्ड पर्सन’ म्हणू का?

चूक काहीच नाही. पण रसेल यांची यादी पुन्हा आठवा: स्वतःबद्दल प्रत्येक जण पहिला शब्दच वापरतो, त्यामुळे समोरचा त्याला किंमत देत नाही. विशेषण दुसऱ्याला लावू द्या. सोव्हिएत लष्करी वर्तमानपत्राने १९७६ साली मार्गारेट थॅचर यांना खिजवायला ‘पोलादी बाई’ म्हटलं आणि त्यांनी ते दागिन्यासारखं मिरवलं. स्वतःच म्हणून घेतलं असतं तर हसू झालं असतं.

सिन्नरच्या त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की ते वाक्य काढ आणि यंत्र फसलं तेव्हा काय केलंस ते लिही. त्याने लिहिलं: पहिल्यांदा चाळणीची भोकं चुकली, कांदे सोलून निघाले. दुसऱ्यांदा मोटर जळाली. तिसऱ्यांदा शेजारच्या गॅरेजमधून जुनी मोटर आणली, पण तिची एक नट गंजून इतकी बसली होती की ती काढायला दोन रात्री आणि अर्धा लिटर रॉकेल लागलं. सगळ्या पानात स्वतःबद्दल एकही विशेषण नव्हतं. ‘स्टबर्न’ त्याने ठेवला होता, एकदाच, आणि अगदी बरोबर जागी: ‘अ स्टबर्न नट’.